सांडपाण्याच्या नळीला हवा हवीच

“सात-सात मजल्यांच्या इमारतींना लागते हवानळी. आपल्या एका मजल्याच्या घराला तिचं काय काम?” स्वयंपाकघरातल्या सिंकमधून वास येतो, पाणी गुडगुडत उतरतं, अशी तक्रार निघाली की हे उत्तर तयार असतं. बांधकाम करणारा मिस्त्री ते देतो, सामान विकणारा दुकानदार त्याला दुजोरा देतो आणि घरातली वडीलधारी मंडळी वर आपला सल्ला जोडतात: खरकटं जात असेल, जाळी नीट घासत नसाल, थोडं अॅसिड ओतून बघा. म्हणजे दोष एक तर भांडी घासणाऱ्या बाईचा, नाही तर नशिबाचा. नळी जोडणाऱ्याचा कधीच नाही. या सगळ्या बोलण्यामागे एकच गृहीतक आहे, की सिंकचा वास हा स्वच्छतेचा प्रश्न आहे, रचनेचा नाही. ते गृहीतक चुकीचं आहे. हिंगणघाट तालुक्यातल्या, नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या वडनेरसारख्या गावात तर ते आज पूर्वीपेक्षा जास्त चुकीचं आहे. कारण घरांची बांधणी बदलली, नाल्या झाकल्या जाऊ लागल्या, पाणी वाढलं, आणि या बदलात नळीतल्या हवेचा विचार मात्र कोणीच केला नाही.

आधी यंत्रणा समजून घेऊ. सिंकखालची नळी वळवून तिच्यात थोडं पाणी कायम अडवून ठेवलेलं असतं. हाच ट्रॅप. अडलेलं पाणी म्हणजे गटार आणि घर यांच्यामधला पडदा. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनं १७७५ साली शौचकूपासाठी अशा वळणाचं पेटंट घेतलं, तेव्हा वासाचा प्रश्न सुटला असं वाटलं होतं. पण हा पाण्याचा पडदा टिकतो तो त्याच्या दोन्ही बाजूंना हवेचा दाब सारखा असेल तरच. भरलेल्या सिंकचं बूच काढलं, किंवा तांदूळ धुतल्याचं गंजभर पाणी एकदम ओतलं, की नळी काठोकाठ भरून वाहते. खाली धावणारं पाणी पुढची हवा ढकलतं आणि मागे पोकळी सोडतं. ती पोकळी भरायला हवा कुठून तरी यावीच लागते. तेलाच्या बंद डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धक्के देत, घळघळ थांबत पडतं. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं की धार सरळ लागते. हे ठाऊक नाही असं घर विदर्भात नसेल. सिंकची नळी त्याहून वेगळं काही मागत नाही. दुसरं भोक दिलं नाही तर ती हवा ट्रॅपमधूनच ओढून घेते. शेवटचं पाणी जाताना येणारा ‘घळाक’ आवाज हा हवा पडदा फोडून आत शिरल्याचा आवाज आहे. त्यानंतर वळणात जे पाणी उरतं ते पडदा टिकवायला पुरेसं नसतं, आणि वाट मोकळी होते.

“एवढ्याशा घरात असा कितीसा दाब तयार होणार?” हा पुढचा प्रश्न. उत्तर आकड्यांत देता येतं. चांगल्या ट्रॅपमध्ये अडलेल्या पाण्याची खोली ५० ते ७५ मिलिमीटर असते. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ तोलून धरतो. म्हणजे ५० मिलिमीटरचा पडदा फोडायला वातावरणाच्या दाबात दोनशेव्या हिश्शाचा फरक पडला तरी पुरे. त्यासाठी सात मजले लागत नाहीत. ओट्यापासून जमिनीपर्यंतची उभी नळी आणि पुढे बंद चेंबरपर्यंतची आडवी नळी, एवढं सामान पुरतं. ब्रिटनच्या इमारतविषयक मार्गदर्शक नियमांत सिंकची ४० मिलिमीटर व्यासाची नळी वेगळ्या हवानळीशिवाय ३ मीटरपर्यंत आणि ५० मिलिमीटरची ४ मीटरपर्यंतच नेण्याची मुभा आहे, तीही उताराच्या बंधनासह. ही मर्यादा मजल्यांवर नाही, नळीच्या लांबीवर आहे, हे इथे लक्षात घ्यावं. मागच्या भिंतीला लागून असलेला ओटा आणि घरासमोरच्या रस्त्याकडेची नाली यांच्यामधलं अंतर मोजलं, तर एकमजली घरही ही मर्यादा सहज ओलांडतं.

मग आजीच्या काळात ही तक्रार का नव्हती? हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे आणि त्याचं उत्तरच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. जुन्या घरातल्या मोरीची नळी भिंतीबाहेर हातभर यायची आणि सांदवाडीतल्या उघड्या नालीत किंवा परसातल्या अळूच्या, केळीच्या वाफ्यात मोकळी व्हायची. तिचं दुसरं टोक आकाशाखाली होतं. वेगळी हवानळी नव्हती, कारण अख्खी व्यवस्थाच हवेशीर होती. घाण होती, डास होते, पण ते घराबाहेर. आता ती नाली बुजवून किंवा झाकून त्याच नळीला पुढे पाइप जोडला, तो शोषखड्ड्यात किंवा बंदिस्त गटाराच्या चेंबरमध्ये घातला, सांधा सिमेंटनं पक्का लिंपला आणि काम चोख झालं असं मानलं. प्रत्यक्षात आपण तेलाच्या डब्याचं दुसरं भोक बुजवलं. जुनी सोय मोडताना तिच्यात नकळत असलेला गुण हिशेबात धरला नाही, म्हणून घराबाहेरचा वास घरात आला.

हा बदल काही थोड्या घरांपुरता नाही. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालं. माणशी रोज ५५ लिटर पाणी हे त्याचं प्रमाण. पाच माणसांच्या घरात रोजचे २७५ लिटर. त्यातलं पिण्या-स्वयंपाकात जिरतं ते थोडं, बाकीचं बहुतेक सांडपाणी होऊन बाहेर पडतं. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागासाठीच्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्याची विल्हेवाट हे उघड उद्दिष्ट झालं आणि शोषखड्डे, झाकलेल्या नाल्या यांना जोर आला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे घेऊन नाल्याच काढून टाकल्या आणि डास आटोक्यात आणले, त्याचं राज्यभर कौतुक झालं, ते योग्यच होतं. उघड्या नाल्यांकडे परत जा, असं इथे कोणी म्हणत नाही. म्हणणं एवढंच की नाली झाकणाऱ्यानं त्याच दिवशी नळीला हवेची दुसरी वाट करून द्यावी.

वडनेरची माती हा प्रश्न आणखी अवघड करते. कापूस आणि सोयाबीन पिकवणारी ही काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून बंद होते. मुरमाड जमिनीतला शोषखड्डा पाणी भराभर पितो. काळ्या मातीतला खड्डा आषाढ-श्रावणात तुंबतो. तुंबलेल्या, वरून झाकलेल्या खड्ड्यात ओट्यावरून बादलीभर पाणी गेलं की आतली हवा दाबली जाते. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर ती आली त्याच नळीनं उलट येते. स्वयंपाकघरात पाणी ओतावं आणि न्हाणीघरातल्या जाळीतून बुडबुडे यावेत, हा प्रकार याच उलट्या दाबाचा. म्हणजे इथे नळीला दोन बाजूंनी हवा लागते: पाणी उतरताना आत यायला आणि खड्डा भरताना बाहेर जायला. जे उपाय यातली एकच बाजू सांभाळतात ते काळ्या मातीच्या गावात अर्धेच ठरतात. पुढे त्याचा संबंध येईल.

आता एक असा आक्षेप, जो सरकारी मार्गदर्शिकेच्या आधारानं घेतला जातो. ग्रामीण शौचालयासाठी दोन शोषखड्ड्यांची जी पद्धत सांगितली जाते, तिच्यात हवानळीची गरज नाही असं स्पष्ट सांगितलेलं असतं. मग संडासाला जी लागत नाही ती सिंकला कशी लागेल? मार्गदर्शिकेचं म्हणणं बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. त्या खड्ड्याच्या भिंती विटांमध्ये फटी ठेवून बांधतात, त्यामुळे खड्ड्यात तयार होणारा वायू आजूबाजूच्या मातीत शोषला जातो; हवानळी नको म्हटलं आहे ते या वायूसाठी. शिवाय ग्रामीण शौचालयाच्या भांड्याचा ट्रॅप जेमतेम २० मिलिमीटरचा आणि त्यात एका वेळी पडणारं पाणी दीड-दोन लिटर. एवढं पाणी १०० मिलिमीटरच्या नळीच्या तळाशी वाहतं, वर हवेला जागा उरते. सिंकचं उलटं आहे. नळी त्याच्या निम्म्याहून बारीक, पाणी वीस-पंचवीस लिटरपर्यंत एकदम सुटणारं, त्यात तूप-तेलाचा थर नळीचा व्यास महिन्यागणिक कमी करणारा. ती भरून वाहते, म्हणूनच ओढ तयार होते. एका नळीचा नियम दुसरीला लावण्याआधी दोघींतून काय आणि किती वाहतं ते पाहायला हवं.

मैला साठवणाऱ्या सेप्टिक टँकबाबत तर आपलंच मानक वेगळं सांगतं. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २४७० मध्ये सेप्टिक टँकला किमान ५० मिलिमीटर व्यासाची हवानळी सांगितली आहे. टाकी इमारतीपासून १५ मीटरच्या आत असेल तर ती इमारतीच्या माथ्यापेक्षा सुमारे २ मीटर उंच न्यावी आणि टोकाला डास रोखणारी जाळी बसवावी, असं त्यात आहे. घरांच्या सांडपाणी व्यवस्थेसाठी आयएस १७४२ आणि आयएस ५३२९ ही मानकं स्वतंत्र आहेत, दोन्हींची सुधारित आवृत्ती १९८३ ची. तेव्हा “हे परदेशी फॅड” हा आरोप टिकत नाही. परदेशातल्या अनुभवाची साक्षच काढायची तर ती प्रामाणिकपणे काढावी. १९२३ साली अमेरिकेच्या वाणिज्य खात्यानं नेमलेल्या समितीनं लहान घरांतल्या नळव्यवस्थेसाठी किमान नियम सुचवले, तेव्हा सिंक, शौचकूप अशा प्रत्येक भांड्यामागे वेगळी हवानळी घालण्याचा सोस अनावश्यक ठरवला होता. माझाही आग्रह प्रत्येक भांड्याला हवानळी असा नाही. पण घराच्या व्यवस्थेत एकही मोकळी वाट नसावी, असं त्या समितीनंही म्हटलं नव्हतं.

“हवानळी म्हणजे डासांना दार,” असं म्हणणाऱ्यांची भीती मात्र खरी आहे आणि वर्धा जिल्ह्यात ती हसण्यावारी नेता येणार नाही. हा हत्तीरोगाचा जिल्हा आहे. तो पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यातच वाढतो आणि सेप्टिक टँक ही त्याची आवडती जागा. जाळी नसलेली हवानळी त्याला खरोखर दार उघडून देते. म्हणून तर शौचालयाच्या हवानळीला जाळी बांधा, हे आरोग्य विभागाचे कर्मचारी घरोघर सांगत असतात. पण त्यांचा सांगावा नीट ऐकावा: ते जाळी बांधायला सांगतात, नळी उपटायला नाही. आणि नळीच काढून टाकली तर डास कुठे जातील? ट्रॅपमधलं पाणी ओढलं गेलेली सिंकची नळी हेही दारच आहे, फक्त ते उघडतं स्वयंपाकघरात. झुरळांचंही तेच. हॉंगकॉंगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत २००३ मध्ये सार्सची लागण तीनशेहून अधिक जणांना झाली, तेव्हा न्हाणीघरांतले कोरडे पडलेले ट्रॅप हा तिथल्या फैलावाचा एक मार्ग असल्याचं तपासात पुढे आलं. ती उंच इमारत होती, आपलं घर तसं नाही, आणि वडनेरला तसा धोका आहे असं सांगून भीती घालण्यात अर्थ नाही. पण पाण्याचा पडदा नुसत्या वासासाठी नसतो, एवढं त्यातून शिकायला हरकत नाही.

मग करायचं काय? तळमजल्यावरच्या, बाहेरच्या भिंतीला ओटा असलेल्या घराला उत्तम उपाय जवळपास फुकट आहे. सिंकखाली पी आकाराचा ट्रॅप, त्यातून निघालेली नळी थेट भिंतीबाहेर, बाहेर विटांच्या चौकोनी कुंडीत बसवलेला गली ट्रॅप, म्हणजे वर जाळी असलेला आणि आत पाणी अडवणारा जमिनीतला ट्रॅप, आणि सिंकच्या नळीचं तोंड त्याच्या जाळीवर उघडं. इथे नळी गटाराला जोडलेलीच नसते. मध्ये मोकळी हवा असते. गटार किंवा शोषखड्डा गली ट्रॅपच्या पलीकडे. सिंकचा ट्रॅप कधी ओढला गेलाच तर आत येते ती परसातली हवा, गटारातली नाही. कुंडीचा काठ जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवला की पावसाचं पाणी आत जात नाही, आणि जाळी उचलून तेलकट गाळ काढता येतो, त्यामुळे शोषखड्ड्याचं आयुष्यही वाढतं. जुन्या मोरीचा गुण नव्या व्यवस्थेत टिकवण्याचा हा मार्ग आहे.

ओटा घराच्या मध्यावर असेल, स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर असेल, किंवा नळी बंद चेंबरला थेट जोडण्यावाचून गत्यंतर नसेल, तिथे खरी हवानळी घ्यावी: ट्रॅपच्या पुढे, शक्य तितक्या जवळ टी टाकून, सिंकच्या काठाच्या वर येईपर्यंत उभीच नेऊन, मग हवं तर वळवून, छताच्या वर, खिडकीपासून दूर, टोपी आणि जाळीसह. काठाच्या खाली ती आडवी वळवली तर पहिल्याच तुंबण्यात तिच्यात खरकटं शिरतं आणि ती नावापुरती उरते. याला पर्याय म्हणून हल्ली ओट्याखाली बसणारी एकतर्फी हवा-झडप सुचवली जाते. स्वीडनमध्ये १९७०च्या दशकात पुढे आलेली ही युक्ती हुशारीची आहे: नळीत ओढ निर्माण झाली की ती उघडते, एरवी बंद. भिंत फोडणं अशक्य असेल तिथे ती चालेल. पण ती हवा आत घेते, बाहेर सोडत नाही. पावसाळ्यात तुंबलेल्या खड्ड्याच्या उलट्या दाबापुढे ती काही करू शकत नाही, आणि तिचं रबर झिजलं की वास थेट ओट्याखाली. व्यवस्थेत दुसरीकडे एक तरी उघडी हवानळी असल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. सगळ्यात वाईट पर्याय मात्र सर्वात जास्त दिसतो: सिंकखाली लोंबणारी वळ्यावळ्यांची प्लास्टिक नळी, फरशीतल्या भोकात कोंबलेली, भोवती चिंधी किंवा पांढरं सिमेंट. तिच्या वळ्यांत तेल साचतं, तिला ट्रॅप नसतो किंवा ती एस आकारात मुरडून तयार झालेला असतो, आणि एस ट्रॅप स्वतःचं पाणी स्वतःच ओढून नेण्यासाठी बदनाम आहे.

हवानळी प्रत्येक वासावरचं औषध आहे, असं मी म्हणत नाही. बॉटल ट्रॅपमध्ये कुजलेला गाळ असेल तर तो उघडून धुवावाच लागतो. घर महिनाभर बंद राहिलं तर वैशाखात ट्रॅपचं पाणी आटतं. तिथे परतल्यावर तांब्याभर पाणी ओतणं एवढाच उपाय. फरक ओळखणं सोपं आहे. वास कायम सिंकपाशीच आणि पाणी शांत उतरत असेल तर साफसफाई करा. भरपूर पाणी सोडल्यावर गुडगुड होत असेल, त्यानंतर वास वाढत असेल, दुसऱ्या जाळीतून बुडबुडे येत असतील, तर दोष हवेचा आहे आणि घासून तो जाणार नाही. अॅसिडनं तर नाहीच. ते स्टीलची जाळी आणि कपलिंग खातं, कुजलेल्या गाळावर पडलं की सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड उलट मोकळा करतं, आणि आधी ब्लीच ओतलेलं असेल तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद स्वयंपाकघरात हे सगळं श्वासावाटे घेते ती तीच बाई, जिच्यावर अस्वच्छतेचा ठपका ठेवलेला असतो.

शेवटचा आक्षेप खर्चाचा. नव्या घरात एक टी, काही फूट ५० मिलिमीटरची नळी, टोपी आणि जाळी यांचा खर्च बांधकामाच्या हिशेबात शोधूनही सापडणार नाही. गली ट्रॅपची कुंडी एका गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम. खर्च मोठा होतो तो नंतर फरशी फोडताना. म्हणून ही मागणी घरमालकापेक्षा ग्रामपंचायतीकडे करायला हवी. २०२१-२६ साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित ठेवला होता आणि त्याचा निम्मा स्वच्छतेसाठी राखला होता. स्वच्छतेसाठी राखलेल्या अशा पैशातून जिथे नाली झाकली जाईल, शोषखड्डा घेतला जाईल, तिथल्या अंदाजपत्रकात प्रत्येक घरजोडणीमागे जाळीचा गली ट्रॅप हा स्वतंत्र बाब म्हणून धरावा, आणि सिंकची नळी चेंबरमध्ये थेट लिंपलेली आढळली तर त्या कामाची मोजमाप पुस्तिकेत नोंद होऊ नये. अभियंत्यानं हे पाहायचं, ग्रामपंचायत अधिकाऱ्यानं विचारायचं आणि ग्रामसभेत बायांनी हा विषय लावून धरायचा. एका मजल्याच्या घराला हवानळीचं काय काम, असं पुन्हा कोणी म्हणालं तर त्याला आधी विचारावं: पूर्वी जी वाट उघडी होती ती बुजवलीत, तिच्या बदल्यात दुसरी कुठे दिलीत? ती दाखवता आली नाही, तर काम अपुरं आहे आणि बिल मंजूर करू नये.